सरकारी तंबोरा

माझ्या कानाबद्दल मी काय सांगू? जळगावात कुणालाही विचारा. शनिपेठेत गनीभाईचं दुकान कुठलं, म्हटलं की पोरंसोरं बोट दाखवतात. अडतीस वर्षं झाली पेट्या दुरुस्त करतोय. भजनी मंडळाची असो, कव्वालीवाल्यांची असो, नाहीतर शाळेची असो, माझ्या हातून गेलेली पेटी बेसूर निघाली असं एकही माणूस म्हणणार नाही. आता यात थोडी फुशारकी आहे, नाही कशाला म्हणू. पण यंदाच्या जानेवारीत याच कानानं मला असं तोंडावर आपटलं की विचारता सोय नाही.

झालं असं की धुळ्याहून एक बाई आल्या. प्रज्ञा बैसाणे, गणिताच्या शिक्षिका, तिशी ओलांडलेल्या. सोबत जुनी पेटी. म्हणाल्या, "चाचा, भात्यातून हवा जातेय. तेवढं बघा. मी मंगळवारी न्यायला येते."

तेवढं बघा. बाई स्पष्ट म्हणाल्या होत्या. पण आमच्यासारख्या कारागिरांना 'तेवढं' ऐकूच येत नाही.

भात्याची चीर मी तासाभरात बुजवली. मग सवयीप्रमाणे एकेक पट्टी दाबून पाहिली आणि, या अल्ला! अकरा सूर आपली जागा सोडून बसलेले. खरजातली, म्हणजे खालच्या सप्तकातली, पांढरी पाच तर ना पांढरी पाचवर, ना काळी चारवर, मधेच कुठेतरी लोंबकळत होती. मला त्या मास्तरीणबाईंची दया आली. बिचारी, एवढ्या लांबून आली, आणि पेटीची ही दशा! म्हटलं गनी, हे काम पुण्याचं आहे. दोन दिवस बसलो. पैसे घेणारच नव्हतो.

पेटीत पितळेच्या बारीक पात्या असतात, त्यांनाच आम्ही सूर म्हणतो. पातीचं टोक खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. गेलेलं पितळ मात्र परत येत नाही. म्हणून हे काम जपून करायचं असतं, आणि मी फारच जपून केलं. अकराच्या अकरा सूर आणून आपापल्या जागी बसवले.

मंगळवारी प्रज्ञाताई आल्या. मी पेटी पुढे सरकवली आणि हाताची घडी घालून उभा राहिलो, शाबासकी घ्यायला. त्यांनी भाता हलवला, तीन पट्ट्या एकदम दाबल्या. पुन्हा दाबल्या. मग स्टुलावर बसल्या.

"चाचा, तुम्ही सूर मिळवलेत?"

"सगळे! एकही सोडला नाही. आणि त्याचे पैसे द्यायचे नाहीत बरं का."

त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत घातला, परत काढला. मग हळू आवाजात सांगायला लागल्या. पेटी त्यांच्या आत्याची, दिपमाला बैसाणे यांची. दीपनगरला वीजकेंद्राच्या ऑफिसात क्लार्क. भुसावळला पियानो शिकवणाऱ्या एका निवृत्त बाईंकडे जाऊन त्या स्वरलिपी लिहायला शिकल्या आणि ऑफिस सुटल्यावर संगीत रचत बसायच्या. सिनेमाचं नाही, भावगीतही नाही. कागदावर लिहिलेलं, दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो आणि त्यांच्यासोबत ही पेटी. पुण्यात वाजलं, जर्मनीत वाजलं. आपल्या खानदेशात एकदाही नाही. गेल्या वर्षी आत्या वारल्या.

"या रविवारी धुळ्याला पहिला कार्यक्रम ठेवलाय," प्रज्ञाताई म्हणाल्या. "पुण्याहून चौघं वाजवणारे येताहेत. पेटी मी वाजवणार. आजी पहिल्यांदाच हॉलमध्ये बसून ऐकणार आहे. तिच्या पोटच्या पोरीचं संगीत. आणि चाचा, हे सूर आत्यानं स्वतः कानस घेऊन लावले होते. दोन वर्षं लागली तिला. कागदावर स्वर आहेत, पण कुठला स्वर नेमका कुठे लावायचा ते कुठेच लिहिलेलं नाही. ते फक्त या पेटीत होतं."

मला घाम फुटला, आणि मला घाम फुटला की राग येतो. "मग सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलो. "पाटी लावायची ना पेटीवर!"

"मी म्हटलं होतं, तेवढं बघा."

दुकानामागेच आमचं घर. पडद्यातून सितारा, माझी बायको, चहा घेऊन आली. तिनं सगळं ऐकलेलं होतं. कप ठेवताना तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पेटी जवळ ओढली. मग मी जन्मात कधी बोललो नव्हतो असं वाक्य बोललो.

"रविवारच्या आत तुमची पेटी परत बिघडवून देतो."

हाताशी फक्त एक रेकॉर्डिंग होतं. आत्यांनी दीपनगरच्या क्वार्टरमध्ये बसून एकटीनं पेटी वाजवलेली, फोनवर टिपलेली. प्रज्ञाताईंनी ते माझ्या फोनवर पाठवलं, पेटी ठेवली आणि दुपारच्या बसनं परत गेल्या. मी कानात इअरफोन घातले. खरं सांगू? पहिल्या पाच मिनिटांत मला वाटलं की ही बाई आणि ही भाची दोघी मिळून माझी थट्टा करताहेत. ना ताल, ना चाल. एक सूर लांबच लांब, मग त्याला लागून दुसरा, मग तिसरा. मी इअरफोन काढून आवाज मोठा केला तर सितारा आतून म्हणाली, "कोण कपाट सरकवतंय?"

पण काम अंगावर घेतलेलं. दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना माझं बोट आपोआप टेबलावर वाजायला लागलं.

दोन सूर जवळजवळ सारखे असले, पण अगदी सारखे नसले, की आवाज डोलतो. वाँव वाँव वाँव असा. आम्ही त्याला लहर म्हणतो. लहर म्हणजे पेटी बिघडल्याची खूण. अडतीस वर्षं मी दुसरं काहीच केलेलं नाही, फक्त लहर मारलीय. आणि या बाई लहर पेरत होत्या! एका जागी सेकंदाला आठ हेलकावे, पुढे पाच, पुढे तीन, मग इतके संथ की वाटावं आता थांबले. हे चुकून होत नाही. हे मोजूनमापून केलेलं होतं. ताल नाही असं मी म्हणालो होतो ना? ताल होता. तो बोटांत नव्हता, सुरांच्या घासण्यात होता. मी तोंडात मारल्यासारखा बसून राहिलो.

मग मला नादच लागला. सकाळी दुकान उघडलं की तेच, जेवताना तेच. गिऱ्हाईक येऊन उभं राहायचं, मी हातानंच थांब म्हणायचो. सितारा म्हणाली, "इतक्या वर्षांत माझं बोलणं एवढं मन लावून ऐकलं असतं तर!" प्रज्ञाताईंना तर मी दिवसातून चारदा फोन करून भंडावून सोडलं. तुमची आत्या कशी होती? कुठे बसून वाजवायची? गाणं कुणाचं ऐकायची? सुरुवातीला त्या तुटक बोलायच्या, रागच होता, असणारच. हळूहळू हसायला लागल्या.

"तंबोरा होता का हो त्यांच्याकडे?" मी विचारलं. "एवढे बारीक सूर लावायचे तर मागे काहीतरी धरून ठेवणारं पाहिजे."

"तंबोरा कुठला! मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, आपला तंबोरा सरकार वाजवतं, चोवीस तास. आम्हाला वाटलं रेडिओबद्दल बोलतेय. तिची थट्टा अशीच असायची."

"आणि आजी? त्यांना आवडायचं?"

"आजीला काही कळायचं नाही. म्हणायची, दिपी दिवसभर पेटीले रडावस. पण आता आत्या गेल्यावर आम्ही तिला धुळ्याला आणलंय, तर तिला करमतच नाही. सारखी म्हणते, आठे सुनं सुनं लागस. आम्हाला वाटलं ऐकू कमी येतंय. कान तपासून आणले, कान ठणठणीत आहेत."

गुरुवार संध्याकाळपर्यंत मी दहा सूर जागेवर नेले. म्हणजे जागेवरून हलवले. लहर मोजायची, कानस एकदा फिरवायची, परत मोजायची.  आयुष्यभर ज्याला पाप समजलो ते मी इमानदारीनं करत होतो.

राहिली खरजातली पांढरी पाच, सगळ्यांचा पाया. आणि तीच रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नव्हती. मला वाटलं फोनला खालचे सूर पकडताच येत नाहीत, नुसती घरघर. ती मूळ जागेपेक्षा वर होती एवढं आठवत होतं, पण किती वर? अंदाजानं करायची सोय नव्हती. त्या पातीला एकदा आत्यांनी खरवडलेलं, एकदा मी मुळाशी खरवडलेलं. उन्हात धरली तर कागदासारखी पातळ दिसत होती. तिसऱ्यांदा थोडं जरी जास्त झालं की तुटली. तुटली की दुसरी पाती टाकता येते, पण ती आत्यांची नाही, आणि तिचा आवाजही तो नाही.

शुक्रवारी नमाजहून आलो, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, ट्यूब लावली आणि बसलो. या ट्यूबबद्दल सांगायलाच हवं. दुकान घेतलं तेव्हाची. तिचा चोक भुणभुणतो. सितारा दहा वर्षं माझ्या मागे लागलीय की ती ट्यूब बदल, डोकं उठतं, जग एलईडीवर गेलं. मी म्हणायचो बदलू, बदलू. खरं तर मला तो आवाज ऐकूच येईनासा झाला होता.

मी टोकाशी कानस एकदा, अगदी नावापुरती, फिरवली. पांढरी पाच दाबली. लहर आली.

मी थबकलो. लहर यायला दोन सूर लागतात. मी तर एकच वाजवत होतो. बाकीचे सूर उघडणारे सगळे खटके बंद आहेत का पाहिलं, बंद होते. पुन्हा दाबली, पुन्हा लहर. पेटी फिरवून पाहिली, भात्याला कान लावला. तेवढ्यात सितारा आली आणि "दिवसाढवळ्या कशाला लाइट?" म्हणत तिनं ट्यूबचं बटण बंद केलं.

लहर गेली.

"लाव!" मी असा ओरडलो की तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"काय झालं?"

"ट्यूब लाव. लाव म्हणतो ना!"

तिनं लावली. चोक भुणभुणला. लहर परत आली. "बंद कर." गेली. "लाव." आली. सिताराला वाटलं माझं डोकं फिरलं. मी तिला हाताला धरून बसवलं, म्हटलं, ऐक. मी कानस परत टेकवली, श्वास धरून. लहर संथ झाली. आणखी एकदा. आणखी संथ, सितारासुद्धा मान डोलवायला लागली. हात इतका घामेजला होता की मी तो आधी पायजम्याला पुसला आणि मग शेवटची एकदा कानस फिरवली.

लहर थांबली. पेटी आणि ट्यूब एक सूर. मग मी बाकीचे दहा सूर एकेक करून त्यावर ठेवत गेलो आणि सगळी लहरींची मोजणी, आठ, पाच, तीन, अशी चोख बसली की मी कानस खाली ठेवली. सितारा म्हणाली, "अगं बाई, हे तर छान आहे की." तिला कपाट आठवलं नाही.

मी फोन लावला. "प्रज्ञाताई, आत्यांचं क्वार्टर नेमकं कुठे होतं?"

"अगदी टोकाला. पलीकडे ते मोठे ट्रान्सफॉर्मर होते, त्यांची सारखी गुणगुण असायची. रात्रंदिवस. का हो?"

"त्या ट्रान्सफॉर्मरची आणि माझ्या दुकानातल्या चोकची वीज एकच आहे बेटा. एकाच सुरात गुणगुणतात. सरकारी तंबोरा सापडला."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. 

"चाचा," त्या म्हणाल्या, "स्वरलिपीच्या शेवटच्या पानावर आठ मापं, म्हणजे आठ रकाने, रिकामी आहेत. कुणीच काही वाजवायचं नाही. वर फक्त लिहिलंय, ऐका. आम्ही समजत होतो की शांतता आहे. आणि रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी भुणभुण होती. मला वाटलं फोनचा दोष. मी कॉम्प्युटरवर ती काढून टाकली. आवाज साफ करून घेतला, त्यातच तुमची पांढरी पाचही पुसली गेली असणार. तुम्हाला पाठवलं ते साफ केलेलं."

"म्हणजे तुम्हीपण?"

"मीपण."

खोटं कशाला बोलू, मला जरा हलकं वाटलं. आत्यांच्या पेटीवर आमचं दोघांचंही प्रेम उतू गेलं होतं. मी विचारलं, "हॉलमध्ये लाइट कुठले आहेत?"

"समाजमंदिराचा हॉल आहे. परवाच सगळे नवे एलईडी लावलेत, खास कार्यक्रमासाठी," असं म्हणता म्हणता त्या थांबल्या. "अरे देवा."

रविवारी पहाटेच मी स्टुलावर चढून ट्यूब उतरवली, चोकासकट, पट्टीसकट. सितारा खुशीत येऊन उभी. "शेवटी बदलतोय?"

"नाही. धुळ्याला हिचा कार्यक्रम आहे."

एका हातात पेटी, दुसऱ्या हातात चार फुटी ट्यूब जुन्या चादरीत गुंडाळलेली. एसटीचा कंडक्टर म्हणाला, "चाचा, धुळ्यात लाइट मिळत नाही का?" म्हटलं, असा नाही मिळत. पारोळ्यापर्यंत उभ्यानं गेलो, ट्यूब छातीशी धरून, मग एका भल्या माणसानं जागा दिली.

पुण्याची वाजवणारी मंडळी तरुण आणि नम्र. पण मी ट्यूब काढली तेव्हा चेलोवाला जरा घाबरला. प्रज्ञाताईंनी समजावून सांगितलं. वायरमननं स्टेजच्या मागच्या खिळ्याला पट्टी टांगली, जोडली. थंडी होती, पंखे बंद. चोक भुणभुणला. चौघांनी आपापल्या तारा पेटीवर मिळवल्या आणि मग एकमेकांकडे पाहिलं.

पन्नास-साठ माणसं असतील. नातलग, प्रज्ञाताईंच्या शाळेतल्या बाया, समाजातली मंडळी. पुढच्या रांगेत खुर्चीत पार्वताबाई, प्रज्ञाताईंची आजी, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. पांढरी साडी, शाल. कार्यक्रम सुरू झाला आणि मी मात्र सुख घेऊ शकलो नाही. खरजाची पांढरी पाच दाबली की माझा जीव वर. तुटू नको, तुटू नको माझी आई. लोकांचं म्हणाल तर पहिल्या दहा मिनिटांत तिघांनी जांभई दिली, एकजण बाहेर गेला. मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली, कारण मंगळवारी मीही त्यांच्याच जागी होतो. पण सगळेच तसे नव्हते. एक शाळेतली बाई खुर्चीच्या हातावर बोटानं लहर मोजत होती. आजी मात्र शालीच्या दशा विंचरत होत्या. त्यांना कंटाळा आलेला लांबूनही दिसत होता.

मग ती आठ मापं आली. चौघांनी गज वर उचलले. प्रज्ञाताईंनी पट्ट्यांवरून हात काढून मांडीवर ठेवले. हॉलमध्ये काहीच नाही, फक्त माझी ट्यूब. भुणभुण. कुणीतरी खोकलं. लोक इकडेतिकडे बघायला लागले, संपलं का, टाळ्या वाजवायच्या का. मला वाटलं, गेलं, सगळं फसलं. एका भंगार ट्यूबपायी मी प्रज्ञाताईंचं हसं केलं.

तेवढ्यात पार्वताबाईंचे हात थांबले. त्या ताठ झाल्या. मान एका बाजूला कलती करून त्यांनी ऐकलं आणि मग भर हॉलात, मोठ्यानं, अगदी घरात बोलावं तसं बोलल्या.

"माय वं! हाऊ ते आपला क्वार्टरना आवाज शे."

 आजी स्टेजकडे बघत होत्या, नातीकडे नाही, त्या पेटीकडे.

"दिपी घरमाच शे," त्या म्हणाल्या.

प्रज्ञाताईंचा चेहरा मला दिसला. त्यांना नववं माप सुरू करायचं होतं आणि त्यांना हात उचलवत नव्हता. चौघं गज धरून थांबून राहिले. आठाची सोळा मापं झाली असतील, मोजली कुणी? मग प्रज्ञाताईंनी पांढरी पाच दाबली, अलगद. पाती तुटली नाही. लहर आली नाही. पेटी कधी सुरू झाली आणि ट्यूब कुठे संपली ते माझ्यासुद्धा कानाला कळलं नाही.

निघताना मी ट्यूब उतरवायला स्टेजवर चढलो तर मागून काठी टेकत पार्वताबाई आल्या. "भाऊ," मला म्हणाल्या, "हाई नळी मले दी टाक." मी दिली. आता ती त्यांच्या खोलीत आहे, पलंगाच्या वर. प्रज्ञाताई सांगतात, आजी दुपारीसुद्धा लावून ठेवते आणि गाढ झोपते.

माझ्या दुकानात आता एलईडी आहे. सितारा पहिल्याच दिवशी म्हणाली, किती शांत वाटतंय! मी मान डोलावली. पण कानस हातात घेऊन बसलो की मला मेलं सुनं सुनं लागतं.